गर्भपात आणि कोर्टाचे निकाल : रुग्णालयात जाण्याआधी काय माहीत असावे

गर्भपाताविषयी सर्वोच्च न्यायालयाचा एखादा निकाल बातम्यांमध्ये आला की पुढचे काही दिवस दवाखान्यात तेच प्रश्न येतात. ‘डॉक्टर, आता लग्न न झालेल्या मुलीलाही परवानगी आहे ना?’ ‘नवऱ्याची सही लागतेच ना?’ आणि सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, ‘यासाठी कोर्टात जावे लागते का?’

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बहुतेक स्त्रियांना कोर्टात जावे लागत नाही. बातमी होते ती चोवीस आठवड्यांच्या पुढे गेलेल्या, अडलेल्या प्रकरणांची. त्यामुळे गर्भपात म्हणजे कोर्टाची परवानगी असा समज झाला आहे, आणि हा समज फक्त रुग्णांचा नाही, काही रुग्णालयांचाही आहे. या समजापायी आठवडे वाया जातात. वीस आठवड्यांच्या आत जे काम एका डॉक्टरच्या निर्णयाने झाले असते, ते चोवीस आठवड्यांनंतर मेडिकल बोर्ड आणि उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकते.

मी जनरल प्रॅक्टिस करतो. गर्भपात मी करत नाही, पण पाळी चुकली की बाई पहिल्यांदा येते ती बहुधा आमच्यासारख्या डॉक्टरकडेच. तिला योग्य ठिकाणी वेळेत पाठवायचे तर कायदा आणि कोर्टाचे निकाल आम्हालाही माहीत असावे लागतात.

कायदा थोडक्यात

भारतात गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा. त्याला वैद्यकीय गर्भपात कायदा किंवा एमटीपी कायदा म्हणतात. ज्या समितीच्या अहवालावरून तो झाला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा. २०२१ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि आता स्थिती अशी आहे :

वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरचे मत पुरेसे असते. वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि नियमात सांगितलेल्या गटातली स्त्री असावी लागते. या गटांत बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुली, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट आलेल्या, गंभीर अपंगत्व असलेल्या, मानसिक आजार असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या आणि गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या स्त्रिया येतात. चोवीस आठवड्यांनंतर फक्त गर्भातील गंभीर व्यंगासाठी, तेही राज्य सरकारने नेमलेल्या मेडिकल बोर्डाने मान्य केले तर. आणि आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करणे भाग असेल तर आठवड्यांची कोणतीही मर्यादा नाही. त्यावेळी बोर्ड नको, कोर्ट नको, दुसऱ्या डॉक्टरचे मतही नको. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात हे स्पष्टपणे सांगितले आहे.

एक गोष्ट अनेकदा निसटते. आपल्याकडे ‘मागेल तिला गर्भपात’ असा कायदा नाही. कारण लागते आणि ते कारण डॉक्टरला पटावे लागते. पण कारणांची व्याख्या अरुंद नाही. शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होण्याची शक्यता हे कारण आहे, आणि ते ठरवताना स्त्रीची सध्याची आणि पुढे येऊ शकणारी परिस्थिती लक्षात घ्यावी असे कायद्यातच लिहिले आहे. म्हणजे घरची स्थिती, आधीची मुले, नोकरी, आजारपण. गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे दिवस गेले असतील तर वीस आठवड्यांपर्यंत तेही कारण मानले जाते. २०२१ पूर्वी कायद्यात इथे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ असे शब्द होते. आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आहेत. दोनच शब्द बदलले, पण लग्न न झालेल्या मुलीला खोटे मंगळसूत्र घालून रुग्णालयात जाण्याचे कारण त्यांनी संपवले.

आठवडे कसे मोजतात

सगळा कायदा आठवड्यांवर उभा आहे, म्हणून हे नीट समजून घ्या. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. पाळी चुकली हे लक्षात येते तेव्हाच साधारण चार ते पाच आठवडे झालेले असतात. ‘दोनच महिने झाले’ असे म्हणणारी बाई प्रत्यक्षात दहा-अकरा आठवड्यांची असू शकते.

पाळी अनियमित असेल, अंगावरचे दूध सुरू असेल, नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या असतील किंवा चाळिशी उलटली असेल तर अंदाज हमखास चुकतो. अशा वेळी सोनोग्राफी करून घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीने ठरवलेले आठवडे सर्वात भरवशाचे. पुढे जसजसे दिवस जातात तसतसा सोनोग्राफीतला फरक वाढत जातो, आणि एकोणीस की एकवीस हा प्रश्न आला की तो फरक महाग पडतो.

सोनोग्राफी केंद्रात गर्भवतीचा एक फॉर्म भरून घेतात. त्याला घाबरू नका. तो गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा फॉर्म आहे आणि प्रत्येक गर्भवतीचा भरावा लागतो. हा कायदा वेगळा आणि गर्भपाताचा कायदा वेगळा. गर्भाचे लिंग तपासणे आणि सांगणे गुन्हा आहे, कायदेशीर गर्भपात गुन्हा नाही. पण दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे काही डॉक्टर बारा आठवड्यांपुढची केस घ्यायलाच कचरतात. चौकशी मागे लागेल ही त्यांची भीती मी समजू शकतो. पण ती भीती हे नकाराचे कायदेशीर कारण नाही.

वीसची चोवीस कशी झाली

२००८ साली मुंबईतल्या एका दांपत्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात गेला. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आहे हे वीस आठवडे उलटल्यावर कळले होते. त्यांचे डॉक्टर निखिल दातार हेही अर्जदार होते. न्यायालयाने परवानगी नाकारली, कारण त्यावेळच्या कायद्यात वीस आठवड्यांपुढे फक्त आईचा जीव वाचवण्याची मुभा होती. पुढे त्या बाईंचा गर्भ आपोआप पडला.

खटला हरला, पण एक प्रश्न देशासमोर आला. गर्भाची व्यंगे शोधणारी सविस्तर सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत होते. हृदयाचे, मेंदूचे काही दोष त्याआधी दिसतच नाहीत. मग दोष दिसणार विसाव्या आठवड्यात आणि कायद्याचे दार बंद होणार त्याच आठवड्यात, असे कसे चालेल? पुढच्या काळात अशा अनेक स्त्रिया उच्च न्यायालयांत आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालये एकेका स्त्रीपुरता निर्णय देत राहिली. काहींना परवानगी मिळाली, काहींना नाही. शेवटी २०२१ च्या दुरुस्तीत गंभीर व्यंगासाठी वरची मर्यादा काढली गेली आणि निर्णय बोर्डाकडे आला.

म्हणून गर्भवतीच्या घरच्यांना माझे सांगणे असते की ही सोनोग्राफी लांबवू नका. ‘पाचवा महिना संपल्यावर करू’, ‘अमुक सण झाल्यावर करू’ असे करून तीन-चार आठवडे सहज जातात. रिपोर्टमध्ये शंका आली तर पुढच्या तपासण्यांना, गर्भजलाच्या तपासणीचा अहवाल यायला, पुन्हा वेळ लागतो.

२०२२ चा निकाल : लग्न झालेले असो वा नसो

२९ सप्टेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी, संमतीच्या संबंधातून दिवस गेलेले, जोडीदाराने शेवटच्या क्षणी लग्नाला नकार दिलेला. बावीस आठवडे झाले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने तिला नकार दिला, कारण वीस ते चोवीस आठवड्यांच्या यादीत अविवाहित स्त्री हा गट लिहिलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये अंतरिम आदेश देऊन तिचा मार्ग मोकळा केला आणि सप्टेंबरमध्ये सविस्तर निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, ए. एस. बोपण्णा आणि जे. बी. पारडीवाला यांचे हे खंडपीठ होते.

नियमातल्या ‘वैवाहिक स्थितीतील बदल’ या शब्दांचा अर्थ न्यायालयाने रुंद केला. गरोदरपणात स्त्रीची परिस्थिती बदलली, तिला सोडून दिले, तिच्यावर नवे संकट आले, तर ती विवाहित असो वा अविवाहित, वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ तिला मिळू शकतो.

त्याच निकालात आणखी तीन गोष्टी आहेत. प्रत्यक्ष दवाखान्यात त्या जास्त उपयोगी पडतात.

पहिली, नवऱ्याने केलेली जबरदस्ती. गर्भपाताच्या कायद्यापुरता ‘बलात्कार’ या शब्दात नवऱ्याने केलेला बलात्कारही येतो. त्यासाठी स्त्रीने आधी पोलिसांत तक्रार नोंदवलेली असणे किंवा गुन्हा सिद्ध झालेला असणे गरजेचे नाही. तिने डॉक्टरला सांगणे पुरेसे आहे.

दुसरी, कायद्यात नसलेल्या अटी. काही डॉक्टर आणि रुग्णालये घरच्यांची संमती, वेगवेगळी कागदपत्रे किंवा कोर्टाचा आदेश आणायला सांगतात. कायद्यात अशा अटी नाहीत आणि त्या घालू नयेत असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तिसरी गोष्ट अठरा वर्षांखालील मुलींची. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

सही कोणाची लागते?

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती. बस. नवऱ्याची नाही, सासूची नाही, वडिलांची नाही. फक्त ती अठरा वर्षांखालची असेल किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकाची सही लागते. ‘पालक’ म्हणजे आई-वडीलच असे नाही, जिच्या किंवा ज्याच्या देखभालीखाली ती आहे अशी सज्ञान व्यक्ती.

नवऱ्याच्या संमतीचा वाद कोर्टात गेला होता. एका नवऱ्याने, आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून पत्नी आणि डॉक्टरांविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो मान्य केला नाही. नवऱ्याने अपील केले, तेही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळले.

तरीही सही मागितली जाते. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, वय एकेचाळीस, मुलगी कॉलेजात. पाळी जायची वेळ आली असे समजून त्यांनी तीन महिने लक्ष दिले नव्हते. सोनोग्राफीत सतरा आठवडे निघाले. चिठ्ठी देऊन पाठवले, तर एका रुग्णालयाने ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून परत पाठवले. मिस्टर ट्रकवर, गुजरातच्या पुढे गेलेले. ते परत येईपर्यंत दहा दिवस गेले. त्या पुन्हा माझ्याकडे आल्या तेव्हा एकोणिसावा आठवडा चालू होता. मग दुसऱ्या केंद्राशी फोनवर बोलून दुसऱ्याच दिवशी पाठवले आणि सगळे नीट झाले. पण सतराव्या आठवड्यापेक्षा एकोणिसाव्यात त्रास जास्त, रक्तस्रावाचा धोका जास्त, मुक्काम जास्त. आणि आणखी दहा दिवस गेले असते तर वीस ओलांडले असते, आणि मग कोणत्या गटात बसता हा प्रश्न आला असता.

रुग्णालये सही का मागतात? कारण नंतर नातेवाईक येऊन भांडतात, तोडफोड होते, हे त्यांनी पाहिलेले असते. नवरा सोबत असला तर चांगलेच, भूल द्यायची असेल तर घरचे कोणीतरी असावेच. पण सोबत असणे वेगळे आणि त्याच्या सहीवाचून उपचार अडवणे वेगळे.

याच अडवणुकीची सर्वात जड किंमत मोजलेले प्रकरण बिहारमधले आहे. पाटण्यात निवारागृहात राहणारी, घरच्यांनी टाकलेली, बलात्कारातून दिवस गेलेली आणि एचआयव्ही बाधित स्त्री. मर्यादा संपायच्या आत ती सरकारी रुग्णालयात पोहोचली होती आणि तिला गर्भपात हवा होता. वडिलांची, नवऱ्याची संमती, मग उच्च न्यायालय, मग बोर्ड, यात आठवडे गेले. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण आले तेव्हा गर्भपात तिच्या जिवाला धोक्याचा ठरेल असे डॉक्टरांनी सांगितले. २०१७ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि तिची स्वतःची संमती पुरेशी होती असे म्हटले. पण गर्भपाताची वेळ निघून गेली होती.

संमतीचा अर्थ दुसऱ्या बाजूनेही आहे. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या, बौद्धिक क्षमता थोडी कमी असलेल्या एका अनाथ तरुणीचा गर्भपात करावा असे प्रशासनाला वाटत होते. तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. मूल होऊ देणे आणि न होऊ देणे, दोन्ही निवडी स्त्रीच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग आहेत, हे तत्त्व या निकालापासून पुढच्या जवळजवळ प्रत्येक निकालात येते. सासरच्यांच्या दबावाखाली ‘हे मूल नको’ म्हणायला आलेल्या सुनेलाही हे लागू आहे. म्हणून आम्ही बाईशी थोडा वेळ एकटीशी बोलतो. सोबतच्यांनी त्याचा राग मानू नये.

मुलगी अठराच्या आतली असेल तर

इथे पालक सर्वात जास्त घाबरलेले असतात. पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीशी संबंध हा गुन्हा आहे, तिची संमती असली तरी. डॉक्टरला कळले की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. याच भीतीने कुटुंबे रुग्णालयात न जाता गोळ्या आणून देतात किंवा कोणा अर्धवट माणसाकडे जातात.

२०२२ च्या निकालाने यात मार्ग काढला. डॉक्टरने माहिती कळवायची, पण मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर त्या अहवालात मुलीचे नाव आणि ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही. पुढे फौजदारी खटल्यातही तो उघड करायला लावता येणार नाही. म्हणजे कळवणे टळत नाही, मुलीचे नाव मात्र झाकलेले राहू शकते. रुग्णालयात गेल्यावर ही विनंती पालकांनी स्वतःहून, शक्यतो लेखी करावी. सगळ्याच डॉक्टरांना हा निकाल माहीत असतो असे नाही.

गुप्ततेचा नियम प्रत्येक वयाच्या स्त्रीला लागू आहे. कायद्याने अधिकार दिलेली व्यक्ती सोडून इतर कोणाला डॉक्टरने तिचे नाव किंवा माहिती सांगितली तर एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते.

चोवीस आठवड्यांनंतर

इथून पुढे मात्र निकाल एकसारखे नाहीत, आणि कोणी ‘कोर्टात गेलो की परवानगी मिळते’ असे सांगितले तर त्यावर विसंबू नका.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेहेतीसाव्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी दिली. गर्भाच्या मेंदूची वाढ गंभीररीत्या खुंटलेली होती. गरोदरपण फार पुढे गेले आहे म्हणून बोर्डाने नकार दिला होता. न्यायालयाने म्हटले की व्यंग गंभीर आहे हे ठरल्यावर पुढचा निर्णय त्या स्त्रीचा आहे, बोर्डाचा नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस आठवड्यांच्या एका विवाहित स्त्रीला नकार दिला. दोन मुले, धाकटे अंगावर पिणारे, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर औषधे सुरू. दूध पाजत असल्याने पाळी येत नव्हती, म्हणून दिवस गेल्याचे उशिरा कळले. दोन न्यायाधीशांच्या पीठाने आधी परवानगी दिली. मग बाळ जिवंत जन्माला येऊ शकते असे एम्सच्या डॉक्टरने कळवले, पीठात मतभेद झाले आणि प्रकरण तीन न्यायाधीशांपुढे गेले. गर्भात व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही आणि चोवीस आठवडे उलटले आहेत, म्हणून १६ ऑक्टोबर २०२३ ला परवानगी नाकारली गेली. (अंगावर दूध पाजताना दिवस जात नाहीत हा समज किती महागात पडू शकतो, हेही या प्रकरणात दिसते. बाळ सहा महिन्यांचे झाले, वरचे खाऊ लागले किंवा पाळी सुरू झाली की त्या संरक्षणावर अवलंबून राहू नये.)

एप्रिल २०२४ चे प्रकरण महाराष्ट्रातलेच. चौदा वर्षांची मुलगी, लैंगिक अत्याचारातून दिवस गेलेले, जवळपास तीस आठवडे. मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या शीव रुग्णालयाच्या डॉक्टरांचे मत मागवून २२ एप्रिलला परवानगी दिली. आठवड्याभरात आई-वडिलांना मुलीच्या जिवाची काळजी वाटू लागली, त्यांनी विचार बदलला, आणि २९ एप्रिलला न्यायालयाने आदेश मागे घेतला. या निकालातला एक मुद्दा सगळ्या बोर्डांसाठी आहे. बोर्डाने केवळ गर्भात व्यंग आहे की नाही एवढे पाहून हात झटकू नयेत. गरोदरपण चालू ठेवल्याने त्या मुलीच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल, हेही लिहून द्यावे. तुमच्या बोर्डाच्या अहवालात हे नसेल तर वकिलांच्या लक्षात आणून द्या.

नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत बोर्डाने मत द्यायचे आणि परवानगी असेल तर पाच दिवसांत गर्भपात व्हायला हवा. कोर्टाकडूनही उशीर होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सत्तावीस आठवड्यांच्या आसपासच्या एका बलात्कारपीडितेच्या अर्जाची तारीख बारा दिवस पुढे ढकलली होती. सर्वोच्च न्यायालयाने शनिवारी खास बसून सुनावणी घेतली, त्या उशिरावर नाराजी व्यक्त केली आणि नंतर परवानगी दिली.

परवानगी मिळालीच नाही आणि बाळ वाढवणे शक्य नसेल, तर बाळंतपणानंतर बाल कल्याण समितीमार्फत बाळ दत्तक देण्यासाठी सुपूर्द करता येते. आईला विचार बदलायला साठ दिवस मिळतात. रुग्णालयातून परस्पर कोणाला बाळ देऊ नका, तो गुन्हा आहे.

रुग्णालयाने नाही म्हटले तर

आधी कारण विचारा. काही वेळा कारण खरे असते. त्या केंद्राला बारा आठवड्यांपर्यंतचीच मान्यता असते, किंवा तुमचा रक्तदाब, रक्तातले लोह पाहता मोठ्या रुग्णालयातच जाणे सुरक्षित असते. अशा वेळी भांडण्यात वेळ घालवू नका, चिठ्ठी घ्या आणि त्याच दिवशी पुढे जा. पण कारण ‘नवरा हवा’, ‘पोलिसांची कागदे आणा’, ‘कोर्टाचा आदेश आणा’ असे असेल आणि तुम्ही चोवीस आठवड्यांच्या आत नियमात बसत असाल, तर नकार आणि कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याचदा नकारच मागे घेतला जातो. ‘गर्भपातासोबत कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनही करून घ्या, तरच करू’ अशी अटही घालता येत नाही. ऑपरेशन हवे की नको हा वेगळा निर्णय आहे.

खरोखर कोर्टात जाण्याची वेळ आली तर पैशासाठी थांबू नका. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अर्ज उच्च न्यायालयात करावा लागतो. मुंबईशिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूर इथेही कामकाज चालते. सोबत पहिली सोनोग्राफी, व्यंग दाखवणारी सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, आधीच्या बाळंतपणाचे कागद, मानसोपचार चालू असतील तर त्यांची चिठ्ठी आणि नकाराचा कागद ठेवा. मोबाइलवर प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा.

परदेशात राहणाऱ्या लेकी-सुनांच्या काळजीनेही काही पालक विचारतात. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक अधिकार काढून घेतला. तेव्हापासून तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे आणि टेक्साससारख्या राज्यांत जवळपास पूर्ण बंदी आहे. त्या निकालाचा भारतातल्या कायद्यावर काहीही परिणाम नाही. तिथे असलेल्या मुलीने मात्र आपल्या राज्याचा नियम तिथल्या डॉक्टरकडूनच विचारून घ्यावा.

गोळ्यांविषयी

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो, पण कायद्याने आणि वैद्यकीय दृष्टीनेही डॉक्टरच्या देखरेखीखाली. मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांमध्ये मला सर्वात मोठी भीती वाटते ती दोन गोष्टींची. एक, आठवडे चुकीचे मोजलेले असतात, दहा समजून चौदा निघतात, आणि रक्तस्राव आवरत नाही. दुसरी, गर्भ पिशवीत नसून नळीत असतो. अशा गर्भावर या गोळ्या काम करत नाहीत, थोडा रक्तस्राव होऊन ‘झाले’ असे वाटते, आणि काही दिवसांनी नळी फुटते. म्हणून आधी तपासणी हवी. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरला सांगा. किती आठवडे झाले आहेत त्यावरून अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते ठरवतात.

गोळ्यांनी झालेला असो वा पिशवी साफ करून झालेला, गर्भपातानंतर पुढीलपैकी काही झाले तर थांबू नका : तासाला दोन पूर्ण भिजलेले पॅड, असे सलग दोन तास, थंडी वाजून ताप किंवा दुसऱ्या दिवशीही न उतरणारा ताप, घाण वासाचे पाणी जाणे, पोटाच्या एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्यात दुखणे, चक्कर येऊन पडणे. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा, आणि कोणत्या गोळ्या घेतल्या ते खरे सांगा. गोळ्या घरी घेतल्या म्हणून तातडीचे उपचार कोणीही नाकारू शकत नाही. दोन आठवड्यांनी एकदा तपासून घ्या, कारण गर्भपातानंतर पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात.